खूण पटल्याशिवाय

“अहो, तो माझा आहे.”

दारात शेजारच्या खोलीतली बाई उभी होती. गाऊन घाईघाईत उलटा अडकवलेला, केस ओले. ही सदा हसायची म्हणून बाळंतिणींच्या त्या केंद्रात सगळे तिला हसरी म्हणत. आत्ता मात्र तिचे हसू अर्धेच फुटले होते आणि उरलेल्या अर्ध्या तोंडावर धास्ती होती.

खुर्चीत बसलेल्या बाईने मांडीवरच्या बाळाकडे पाहिले. बराच वेळ ती त्याला घेऊन बसली होती. पाजायचा प्रयत्नही करून झाला होता. त्याने तोंड फिरवले तेव्हा तिला नवल वाटले नव्हते. आपल्याला पाहून कुणीही तोंड फिरवेल, असेच तिला हल्ली वाटत होते.

“तुमचा?” तिने विचारले.

“माझाच. पायाचं लेबल बघा की.”

लेबल बघितले. खरेच होते. आंघोळीनंतर बाळांना लांब टेबलावर ओळीने ठेवत, सगळी एकाच पिवळ्या कापडात गुंडाळलेली. बाळांना सांभाळणाऱ्या मावशीने सांगितले होते, घेऊन जा आपापली. तिने कडेचे उचलले आणि चालू लागली. कापडाची घडी उलगडून लेबल बघावे हे तिच्या डोक्यातही आले नाही.

मग काय, हसण्याची लाट बाळांच्या हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत गेली. ती स्वतःही हसली. सगळे हसत असताना एकट्याने न हसणे जास्त कष्टाचे असते. तेवढ्यात मावशी आली, खांद्यावर खुर्चीतल्या बाईचा खरा, पाच नंबरच्या खोलीतला. तो टेबलावर एकटाच उरून किंचाळत होता म्हणे, आणि मावशीच्या खांद्यावर पडताच गप्प झाला होता. हसरी आपल्या बाळाला छातीशी धरून, आता जिवात जीव आल्यावर, पूर्ण हसली आणि म्हणाली, “बघा, उगाच नाही म्हणत, माय मरो, मावशी जगो.”

मावशी लाजली. तिला ही म्हण आवडायची. त्या इमारतीत तिच्याइतक्या वेळा ती कुणाला ऐकायला मिळाली नसेल. खुर्चीतल्या बाईनेही मान हलवली. तिला ती म्हण एकदम पटली.

आता यातली खरी गंमत अशी, की ही बाई लेबलांवरच जगत होती. बस डेपोतली ‘हरवले-सापडले’ची खिडकी तिची. लोक बसमध्ये काय काय विसरतात ते सांगून खोटे वाटेल: छत्र्या आणि डबे तर आहेतच, पण कुबड्या, दातांची कवळी, एका पायातला बूट. सापडलेल्या प्रत्येक वस्तूला ती लेबल बांधून फळीवर ठेवायची. मालक आला की तिचा एकच प्रश्न, “खूण सांगा.” काळी छत्री सगळ्यांचीच असते. मुठीला दातांचे ओरखडे आहेत, कारण लेकाला दात येत असताना त्याने चावली होती, असे कुणी सांगितले, की छत्री त्याची. खूण पटल्याशिवाय वस्तू द्यायची नाही, मग खिडकीशी डेपोचे मोठे साहेब का असेनात. एकदा ते होते, आणि तिने दिली नव्हती. त्यानंतर डेपोत तिचे नाव खूणबाई पडले. तिलाही ते आवडे. काखेत कळसा गावाला वळसा, अशी माणसे रोज खिडकीशी यायची, हातात छत्री अडकवून छत्रीची चौकशी करायची. ती त्यांना न हसता, नुसते बोट दाखवून परत पाठवायची.

नवराही त्याच खिडकीशी भेटलेला. लिफ्ट दुरुस्त करणारा. चष्मा विसरला होता. “एक काडी तुटलीय, निळ्या दोऱ्याने बांधलीय,” त्याने सांगितले, आणि खूण पटली. पुढे लग्नात तो सगळ्यांना सांगत होता, की गेलो चष्म्याला, आणि चष्मा मिळाल्यावर ही स्पष्ट दिसली.

तिची आई नव्हती. सासूबाई गुडघ्यांनी बेजार, एक खोली ओलांडायची तर भिंत धरून. नवऱ्याच्या कामाला वेळकाळ नव्हता, लिफ्ट कुठेही आणि कधीही अडकते. म्हणून बाळंतपणानंतर काही आठवडे या केंद्रात राहायचे ठरले. खोली उजेडाची होती. जेवण वेळेवर, चादरी स्वच्छ, बाळाला आंघोळ घालायला आणि रडले तर उचलायला माणसे. सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, आमच्या वेळी असं असतं तर आम्ही चार पोरं जास्त काढली असती. सगळे तिला नशीबवान म्हणत होते. तीही स्वतःला तसेच बजावत होती, आणि त्यामुळे आणखी खचत होती. दुःख व्हायला काहीतरी कारण लागते, आणि तिच्याकडे ते नव्हते.

खरे म्हणजे दुःखही नव्हते. रडू आले असते तर बरे झाले असते. सकाळी डोळे उघडले की छातीवर कुणी ओली गादी टाकून गेल्यासारखे वाटे. कूस बदलणेही जिवावर येई. बाळाला तिच्याजवळ आणून ठेवत. ती त्याच्याकडे बघे, तो तिच्याकडे बघे, आणि खिडकीशी दोन अनोळखी माणसे रांगेत उभी असावीत तसा वेळ जाई. तो रडायला लागला की तिच्या हातातले बळच जायचे. हॉलमध्ये एखादे बाळ रडले, तरी हा आपला की दुसऱ्याचा हे तिला कळत नसे. इतर बायका आपल्या पोराचा आवाज भिंतीआडून ओळखून धावत. ती आधी बसून राही, आणि मग, कुणी बघेल म्हणून, उठे.

पण याबद्दल तिने हूं की चूं केले नाही. केंद्रात रडणाऱ्या होत्या, भांडणाऱ्या होत्या, एक तर सुपाचा वाडगा भिंतीवर फेकून मोकळी झाली होती. मावशीला त्या सगळ्यांमागे पळावे लागे. या बाईने कधी घंटा वाजवली नाही. जे पुढे येईल ते खाल्ले, निदान ताट तरी रिकामे करून ठेवले. मावशी तिला ‘गुणी’ म्हणायची, आणि नव्या येणाऱ्यांना तिचे उदाहरण द्यायची. सकाळच्या फेरीत मोठ्या सिस्टर दारातून विचारत, ठीक ना? ती म्हणे, ठीक. हा शब्द फार सोयीचा आहे. विचारणाराही त्यात सुटतो, सांगणाराही.

एकदा फोनवर ती नवऱ्याला म्हणाली होती, की मला काही वाटतच नाही रे. तो उंच इमारतीत कुठेतरी लोंबकळत असावा, मागे ठोकाठोक चालली होती. झोप झाली नसेल, तो म्हणाला. नीट झोप. ते खरेच होते, झोप झाली नव्हती. बाळ मावशीकडे झोपलेले असे आणि ती छताकडे बघत असे. तेव्हा तो विचार येई. वादळासारखा वगैरे नाही, अगदी शहाण्यासारखा, दार वाजवून. आपण नसलो तर काय अडणार आहे? दूध पावडरचेही मिळते. मावशीच्या खांद्यावर तो गप्प राहतो. या सगळ्या मांडणीत जास्तीची वस्तू एकच आहे, आणि तिच्यासाठी कुणी खिडकीशी येणार नाही.

बाळांच्या अदलाबदलीनंतर हा विचार दिवसाही येऊ लागला.

घरी जायच्या आदल्या दिवशी नवरा सकाळीच येऊन गेला. खोलीला रंग दिलाय म्हणाला. पाळण्याचे स्क्रू त्याने दोनदा घट्ट केले होते. बोटांना अजून रंग लागलेला, आणि आनंदाने तो एका जागी बसेना. बाळाला घेताना चष्मा पुन्हापुन्हा घसरत होता. काडीवर अजून तोच निळा दोरा होता. नवी काडी बसवायला त्याला वेळ मिळत नसे, किंवा बसवायची नसावी.

“अजून थोडे दिवस राहू का इथे?” तिने विचारले.

“का गं? हॉटेल आवडलं वाटतं,” तो म्हणाला, आणि हसला. मग म्हणाला, की उद्या दुपारी गाडी घेऊन येतो, तू सामान भरून ठेव.

ती हो म्हणाली. त्याच्या आनंदावर पाणी ओतण्याचे बळ तिच्यात नव्हते. तो गेल्यावर ती बराच वेळ बॅगेकडे बघत बसली. उद्या संध्याकाळी तो कामावर जाईल. सासूबाई आपल्या खोलीत असतील. मग ती आणि हा, एका रंगवलेल्या खोलीत. तिला इतकी भीती वाटली की हात गार पडले. बाळाची भीती नव्हती ती. स्वतःची होती.

दुपारी मावशी सामान आवरायला आली. बाळ एका खांद्यावर, दुसऱ्या हाताने लंगोटांच्या घड्या. मावशी थकलेली होती, तिच्या पायांना संध्याकाळपर्यंत सूज यायची. तरी निरोपाच्या दिवशी ती जरा जास्त बोलायची. घरी गेल्यावर काय काय करा ते ती सांगत होती. पलंगावरची बाई ऐकत होती की नाही, कळत नव्हते.

“मावशी,” ती मध्येच म्हणाली. “याची खूण सांगा.”

“अगंबाई, आता माझीच परीक्षा,” मावशी म्हणाली. तिला खिडकीची गोष्ट ठाऊक होती. नवऱ्याने सगळ्या केंद्राला ती सांगून ठेवली होती. मावशी खुशीत आली. “सांगते की. डोक्यावर दोन भोवरे. डाव्या कानाची पाळी अशी जराशी दुमडलेली. मानेवर मागे लाल डाग, केस वाढले की झाकला जाईल. झालं?”

“झालं. पटली.” बाईने उशीखालून बाळाचे टोपडे काढले आणि मावशीच्या हातात ठेवले. “न्या मग.”

मावशी हसली. मग तिने त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हसू ओठांवरच सुकले.

“ताई, काय हे? कुठे नेऊ?”

“मला यातलं एकही सांगता आलं नसतं. मी दुसऱ्याचं पोर मांडीवर घेऊन बसले होते, मावशी. खूण पटल्याशिवाय वस्तू द्यायची नाही, हा नियम आहे. तुमची पटली. तुमच्यापाशी तो नीट राहील. हसरी म्हणतच होती ना, माय मरो, मावशी जगो. मला काही वाईट नाही वाटलं. खरंच आहे ते.”

हे सगळे ती कुठे कपडे वाळत घालायचे ते सांगावे अशा आवाजात बोलली. मावशी धपकन पलंगावर बसली. लंगोटांच्या घड्या विस्कटल्या. आयुष्यभर जी म्हण तिने अंगावर दागिन्यासारखी मिरवली, तिच्यात ‘मरो’ हा शब्द आहे, हे तिला त्या दुपारी पहिल्यांदा ऐकू आले.

“ती म्हण आहे हो,” ती शेवटी म्हणाली. “म्हणीतली माय कधी मरत नाही. मावशीचं कौतुक करायला घटकाभर बाजूला होते, एवढंच.”

“मला बाजूलाच व्हायचंय.”

रडणाऱ्यांचे डोळे पुसणे मावशीला येत होते, भांडणाऱ्यांना तोंड देणेही येत होते. हे तिला येत नव्हते. “मी तुम्हाला गुणी म्हणत होते,” ती पुटपुटली. मग बाळाला तसेच खांद्यावर ठेवून तिने दुसऱ्या हाताने त्या बाईचे गार मनगट धरले, आणि घंटा वाजवायला हात मोकळा नव्हता म्हणून पायाने दरवाजा ढकलून हाक मारली, “सिस्टर, इकडे या. आत्ता या.”

मोठ्या सिस्टर आल्या. मावशीने सांगितले ते त्यांनी ऐकून घेतले, आणि या वेळी दारातून काही विचारले नाही. खुर्ची ओढून समोर बसल्या.

“जीव द्यावासा वाटतो का?”

इतका सरळ प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मावशी दचकली, पण पलंगावरच्या बाईला मोकळे वाटले. हे शब्द दुसऱ्याच्या तोंडातून बाहेर आले होते, आणि छत कोसळले नव्हते.

“देण्याइतकी ताकदच नाही सिस्टर. पण आपण नसावं, असं वाटतं. रोज.”

“बाळाला काही करावंसं?”

“नाही. त्याला कुणीतरी चांगल्यानं न्यावं, एवढंच.”

सिस्टरांनी मान हलवली. हा आजार आहे, त्या म्हणाल्या. बाळंतपणानंतर येतो. पुष्कळ जणींना येतो, आणि त्यातल्या निम्म्या तुमच्यासारख्या ठीक म्हणत राहतात. औषध आहे, बोलायला डॉक्टर आहेत. वेळ लागेल, पण उतरेल. उद्या घरी जायचे नाही, आणि आजपासून खोलीत एकटे राहायचे नाही. त्यांनी डॉक्टरांना बोलावणे धाडले. मावशीला म्हणाल्या, तुम्ही इथेच बसा, बाकी मी बघते.

तेव्हा ती रडली. समजूत पटून नव्हे. उद्या जायचे नाही, या एका वाक्याने. केवढा मोठा दगड उचलून ती उभी होती आणि कुणीतरी सहज म्हणाले होते, ठेवा की खाली.

दुसऱ्या दिवशी नवरा गाडी घेऊन आला. डॉक्टरांनी त्याला आत बसवून सगळे सांगितले. तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. तिच्या पलंगाच्या कडेला तो बसला, चष्मा काढून शर्टाने पुसू लागला, काचा स्वच्छ झाल्या तरी पुसतच राहिला.

“तू फोनवर सांगितलं होतंस,” तो म्हणाला.

“हो.”

“मी म्हटलं, झोप.”

ती काडीवरच्या निळ्या दोऱ्याकडे बघत राहिली. त्याला दोष द्यायचा नव्हता, आणि नाही म्हणायलाही त्राण नव्हते. खाली गाडीवाला भोंगा वाजवत होता. नवऱ्याने जाऊन त्याला परत पाठवले. वर आल्यावर त्याने भरलेली बॅग उघडली आणि एकेक कपडा काढून पुन्हा कपाटात ठेवला. बाळाचे कपडे त्याला नीट घडी घालता येत नव्हते, तरी त्याने ते काम मावशीला दिले नाही. त्यानंतर तो कामावरून सुटला की रोज येऊ लागला. खुर्चीत बसल्याबसल्या डुलक्या काढी, पण येई.

औषधाने काही एका सकाळी ऊन पडले नाही. आधी तोंडाला कोरड पडली. मग भूक लागू लागली, थोडी. डॉक्टरीणबाई येऊन बसत, आणि ती बोले, कधी दोन वाक्ये, कधी काहीच नाही. हसरी घरी गेली. जाताना तिला कडकडून भेटली. तिला काही कळले असावे, कारण ती हसली नाही.

मावशीने ती म्हण तोंडातून काढून टाकली. दुसऱ्या कुणी म्हटली की ती विषय बदलायची. आणि पाच नंबरच्या बाबतीत तिने आणखी एक गोष्ट बदलली. तो रडला, की पूर्वी ती झडप घालून उचलायची. आता त्याला घेऊन त्याच्या आईशेजारी बसायची, आणि उगी करण्याआधी क्षणभर त्याला आईच्या दंडाला टेकवून ठेवायची. तो क्षणभर रडे. मावशीचे हात शिवशिवत. मग एखाद्या दिवशी त्याची आई हात पुढे करी, आणि बऱ्याच दिवशी करीत नसे. मग मावशी त्याला आपल्या खांद्यावर घेई.

अशाच एका दुपारी सगळे केंद्र जेवून सुस्तावले होते. हॉलमध्ये एक बाळ रडू लागले. मोठ्याने, टाळू फाटेल असे. हसरीच्या खोलीत आलेली नवी बाई अनवाणी धावत बाहेर आली. पलीकडच्या खोलीतूनही कुणी डोकावले. मावशी त्या वेळी पाच नंबरच्या खोलीत पडदे सारखे करत होती. तिने सवयीने मागे वळून पाहिले.

पलंगावरची बाई डोळे मिटून पडली होती. उठली नाही. पुन्हा पहिल्यासारखे झाले की काय.

“ताई,” ती हळूच म्हणाली. “रडतोय वाटतं.”

“आमचा नाही तो,” बाई डोळे न उघडता म्हणाली. आवाज झोपेने जड झाला होता. “आमचा आधी तोंड उघडतो, आणि श्वास अडकवून ठेवतो. मग रडतो. हा बघा, भसकन सुरू झाला. दुसऱ्या कुणाचा तरी आहे.”

तिने भिंतीकडे कूस वळवली आणि उशी गालाखाली ओढून घेतली.

मावशी पडदा हातात धरून तशीच उभी राहिली. मग चपला न वाजवता हॉलमध्ये गेली. नवी बाई आपल्या पोराला थोपटत होती, त्याचाच आवाज होता तो. पाच नंबरचा आपल्या पाळण्यात गाढ झोपलेला, मूठ दुमडल्या कानाशी. त्याच्यात रडण्याचे नावही नव्हते.

ती परत आली आणि दाराशी थांबली. “पटली,” ती म्हणाली, पण हळू आवाजात. ऐकायला ती बाई जागी नव्हती. मावशीने दार पुढे ओढले, पूर्ण लावले नाही, आणि सुजलेले पाय घेऊन बाहेरच्या बाकावर बसली.